गार्दा सरोवर उत्तरेला चिंचोळं आणि दक्षिणेला पसरलेलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इटलीतलं गार्दा सरोवर नकाशात पाहिलं तर उत्तरेकडे एक लांबट, अरुंद पट्टी दिसते आणि दक्षिणेकडे ती अचानक फुगते. हे हिमनदीनं कोरलेलं सरोवर आहे असं सांगतात, मग त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली कसा गेला? आल्प्सच्या पायथ्याशी लिंबं कशी पिकतात? हिमालयातली हिमनदी-सरोवरं फुटतात, तसं हेही फुटेल का? आणि असं एखादं सरोवर हिमालयाच्या पायथ्याला का नाही?

मी भूरूपशास्त्र शिकवतो आणि हिमनद्यांनी घडवलेले प्रदेश हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात दक्षिणेकडच्या टेकड्यांपासून करू. बहुतेक लोक गार्दाला जाऊन निळं पाणी आणि उत्तरेचे उभे कडे पाहून परततात. या सरोवराचा जन्म नीट समजतो तो मात्र मैदानाच्या कडेवरच्या त्या बुटक्या टेकड्यांत.

आधी काही आकडे. गार्दा हे इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर, लांबी सुमारे ५२ किलोमीटर. उत्तरेला रुंदी तीन-चार किलोमीटर, दक्षिणेला ती १७ किलोमीटरपर्यंत जाते. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५ मीटर उंच आणि सर्वाधिक खोली ३४६ मीटर. म्हणजे तळाचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीच्या सुमारे २८० मीटर खाली आहे. उत्तरेच्या टोकाला सार्का नदी सरोवरात येते. दक्षिणेला पेस्किएरा इथून मिंचो नदी बाहेर पडते आणि मांतुआवरून पुढे पो नदीला मिळते.

आता नकाशा मोठा करून पेस्किएरा आणि देझेन्झानो यांच्या दक्षिणेला पाहा. सपाट मैदान सुरू होण्याआधी टेकड्यांच्या कमानी दिसतील, एकात एक बसलेल्या, सगळ्या सरोवराकडे तोंड करून. दहा किलोमीटरहून रुंद असा हा पट्टा आहे. या टेकड्या म्हणजे हिमोढ, हिमनदीनं डोंगरातून वाहून आणलेल्या आणि आपल्या पुढच्या कडेला टाकलेल्या दगड, वाळू आणि चिखलाच्या राशी. प्रत्येक कमान म्हणजे हिमनदीची कड कधीतरी बराच काळ जिथे थांबली होती ती रेषा. बाहेरच्या कमानी जुन्या हिमयुगांतल्या, आतल्या शेवटच्या हिमयुगातल्या. शेवटच्या खेपेला बर्फ इथवर पोचला त्याला साधारण २५,००० वर्षं झाली.

या टेकड्यांवरच्या एखाद्या जुन्या गावात जा आणि कुंपणाची भिंत जवळून पाहा. शेतं साफ करताना निघालेले गोटेच या भिंतींत रचलेले असतात. पांढुरक्या चुनखडीचे गोटे सर्वांत जास्त. ते जवळपासच्याच डोंगरांतले. मधूनच पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला, ग्रॅनाइटसारखा दिसणारा दगड येतो. तो टोनालाइट, म्हणजे वायव्येकडच्या आदामेल्लो पर्वतातला. आणि मग तांबूस-जांभळा, बारीक कणांचा, अतिशय कठीण असा पोर्फिरी भेटतो. पोर्फिरीचं घर आहे ईशान्येला, आदिजे नदीच्या खोऱ्यात, बोल्झानो-त्रेंतोच्या परिसरात. तीन दगड एकाच भिंतीत, आणि त्यांचा अर्थ स्पष्ट आहे: गार्दाच्या जागी उतरलेला बर्फ एका दरीतला नव्हता. सार्काच्या खोऱ्यातली हिमनदी होतीच, शिवाय शेजारच्या आदिजेच्या खोऱ्यात न मावलेला बर्फही खिंडी ओलांडून इकडे आला होता. मला विद्यार्थ्यांना गार्दा शिकवायचा असला की मी नकाशाच्या आधी ही भिंत दाखवतो.

आकाराचा प्रश्न आता सोपा होतो. उत्तरेकडे पूर्वेला मॉन्ते बाल्दोची २,२१८ मीटरपर्यंत चढणारी रांग आणि पश्चिमेला तसेच उभे कडे. या दोन भिंतींमध्ये बर्फ कोंडलेला होता. त्याची जाडी एक किलोमीटरहून जास्त, आणि सगळा बर्फ एका अरुंद वाटेनं पुढे सरकायचा असल्यामुळे वेगही जास्त. हिमनदी तळ झिजवते ती मुख्यतः तळावरून घसरताना. घसरण्याचा वेग वाढला की झीज वाढते. त्यात दोन-तीन खोऱ्यांचा बर्फ इथे एकवटलेला. म्हणून सरोवराचा सर्वांत खोल भाग डोंगरांच्या मधल्या या टप्प्यात आहे, मोकळ्या दक्षिण भागात नाही.

डोंगर संपले तिथे बर्फाला बाजूंना पसरायला जागा मिळाली. पसरला की जाडी कमी होते, जाडी कमी झाली की वेग मंदावतो, आणि कमी उंचीवरच्या उबदार हवेत वितळणंही वाढतं. कोरण्याचं काम थांबून टाकण्याचं काम सुरू होतं ते इथे. नकाशातला तो अचानक आलेला फुगवटा म्हणजे मैदानावर पंख्यासारख्या पसरलेल्या हिमनदीच्या पुढच्या टोकाचा ठसा आहे.

दक्षिणेचा भागही एकसारखा नाही. सिर्मिओनेचा चिंचोळा दांडा सरोवरात चार किलोमीटर आत घुसतो, आणि त्याच रेषेत पाण्याखाली एक उंचवटा पुढे पूर्व किनाऱ्यावरच्या सान व्हिजिलिओच्या टोकापर्यंत जातो. त्याच्या पूर्वेचं पेस्किएराकडचं पाणी बरंच उथळ आहे, खोली शंभर मीटरच्याही आत. पश्चिमेला मात्र खोल दरी चालू राहते. सिर्मिओनेच्या टोकाशी चुनखडीचा खडक आहे. बर्फाला तो पुरता खरवडून काढता आला नाही, आणि त्याच्या मागे हिमोढाचा गाळ साचून जमिनीची पट्टी तयार झाली. रोमन काळात या टोकावर एक भलामोठा प्रासाद बांधला गेला, त्याचे अवशेष आजही तिथे आहेत. त्याच टोकाजवळ सरोवराच्या तळातून जवळपास ७० अंश तापमानाचं गंधकयुक्त पाणी येतं. बाल्दोच्या रांगेत मुरलेलं पावसाचं पाणी खडकातून खूप खोल उतरतं, तापतं आणि इथल्या भेगांतून वर येतं.

आता तळ समुद्रसपाटीखाली कसा गेला ते पाहू. मला या सरोवराबद्दल सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे.

नदी आपला तळ ज्या पाण्याला मिळते त्याच्या पातळीखाली फारसा खणू शकत नाही. पाण्याला उतार लागतो, उतार संपला की खणणंही संपतं. हिमनदीला ही मर्यादा नाही. बर्फ पुढे सरकतो तो त्याच्या पृष्ठभागाच्या उताराच्या जोरावर. तळ पुढे चढता असला तरी वरचा उतार पुरेसा असेल तर बर्फ ती चढण चढतो. बर्फाखाली दाबात असलेलं वितळपाणीसुद्धा चढण चढतं. हिशेब असा की तळाची चढण पृष्ठभागाच्या उताराच्या सुमारे अकरापट होईपर्यंत हे पाणी पुढे जाऊ शकतं. बर्फ आणि पाणी यांच्या घनतेतल्या फरकावरून हा आकडा निघतो. हे पाणी तळावरचा चुरा धुऊन बाहेर नेतं म्हणून खणण्याचं काम अडत नाही. असे मधेच खोल आणि पुढे चढते झालेले खळगे हिमनदीच्या प्रदेशात सगळीकडे सापडतात. नॉर्वेच्या फियोर्डांचे, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांचे, तळही असेच समुद्रात शेकडो मीटर खोल आणि तोंडापाशी उथळ असतात.

पण सगळं श्रेय एकट्या हिमनदीला देणं बरोबर नाही. आल्प्सच्या दक्षिण बाजूची मोठी सरोवरं, माज्जोरे, कोमो आणि गार्दा, तिन्हींचे तळ समुद्रसपाटीखाली आहेत. १९७०च्या दशकात या सरोवरांची भूकंपलहरींच्या साहाय्यानं पाहणी झाली तेव्हा दिसलं की आजच्या तळाखाली गाळाचा जाड थर आहे आणि खरा खडक त्याहूनही शेकडो मीटर खाली आहे. खडकातल्या त्या दरीचा आकार काही ठिकाणी हिमनदीच्या रुंद दरीपेक्षा नदीनं कापलेल्या अरुंद दरीशी जास्त जुळतो.

नदी समुद्रसपाटीखाली गेली कशी? समुद्रच खाली गेला होता म्हणून. सुमारे ५९.७ लाख ते ५३.३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी असलेला संबंध जवळपास तुटला. बाष्पीभवन जास्त आणि पाण्याची आवक कमी, त्यामुळे पाणी खूप खाली गेलं आणि तळावर मिठाचे प्रचंड थर साचले. समुद्राची पातळी घसरली तशा त्याला मिळणाऱ्या नद्यांनी आपल्या दऱ्या खोल खोल कापत नेल्या. ऱ्होन नदीखाली अशी गाळानं बुजलेली दरी आहे. नाईल नदीखालीही आहे. आस्वानच्या मोठ्या धरणासाठी खडकाची तपासणी झाली तेव्हा, समुद्रापासून इतक्या दूरवर, ती सापडली. आल्प्समधून दक्षिणेला उतरणाऱ्या नद्यांनीही तेच केलं असणार. नंतर समुद्र परतला, दऱ्या गाळानं भरल्या, आणि कित्येक लाख वर्षांनी हिमनद्यांनी त्याच वाटा धरून तो मऊ गाळ उपसला आणि दऱ्या रुंद केल्या. बर्फाखालच्या दाबाच्या पाण्यानंही अशा अरुंद दऱ्या कापता येतात, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. माझा कल असा की दरीची वाट जुन्या नदीची आणि आजचा आकार हिमनदीचा.

त्या वाटेलाही आणखी जुनं कारण आहे. गार्दाची उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य ही दिशा जुदिकारिए नावाच्या भ्रंशपट्ट्याशी, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पट्ट्याशी, समांतर आहे. मोडलेला, कमकुवत खडक आधी नदीनं पकडला. तो पट्टा आजही शांत नाही. २४ नोव्हेंबर २००४ला पश्चिम किनाऱ्यावरच्या सालो परिसरात सुमारे ५ तीव्रतेचा भूकंप होऊन बरंच नुकसान झालं होतं.

प्रश्नात नाही, पण एक जागा दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. सरोवराच्या ईशान्य कोपऱ्यात तोर्बोले गाव आहे. तिथून वर नागोकडे आणि पुढे लोप्पिओवरून आदिजेच्या खोऱ्यातल्या मोरीकडे जाणारी एक खिंड आहे, उंची ३०० मीटरपेक्षाही कमी. आदिजेचा जास्तीचा बर्फ याच खिंडीतून गार्दाकडे वाहायचा. नागोहून तोर्बोलेला उतरताना रस्त्यालगत खडकात मोठे रांजणखळगे दिसतात, माणूस आत उतरू शकेल एवढाले. बर्फाखालच्या पाण्याच्या भोवऱ्यात दगड गरगर फिरून ते कोरले गेले. आज त्यांच्या आसपास नदीच नाही, आणि कोरडा डोंगरउतार असा गोल पोखरलेला पाहून नवखा माणूस चक्रावतो.

१४३९मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं मिलानविरुद्धच्या युद्धात गार्दावर आरमार आणायचं ठरवलं. मिंचोची वाट शत्रूच्या हातात होती. तेव्हा त्यांनी जहाजं आदिजेतून वर आणली, मोरीपाशी बाहेर काढली, बैल आणि माणसं लावून ओढत लोप्पिओच्या छोट्या सरोवरातून आणि या खिंडीवरून नेली आणि तोर्बोलेला गार्दात सोडली. बर्फाची वाट होती तीच आरमाराची झाली.

मग विसाव्या शतकात त्याच वाटेखालून पाणी आलं. आदिजेचं पात्र मोरीपाशी गार्दाच्या पातळीहून सुमारे १०० मीटर उंच आहे. नदीला मोठा पूर आला की त्रेंतोच्या खालची गावं आणि पुढे वेरोना धोक्यात येतात. म्हणून मोरी ते तोर्बोले असा सुमारे १० किलोमीटरचा बोगदा खणला, पुराचं पाणी गार्दात वळवण्यासाठी. काम १९३९ला सुरू झालं, युद्धात थांबलं आणि १९५९ला पुरं झालं. सेकंदाला ५०० घनमीटर पाणी नेण्याची त्याची क्षमता आहे. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो, पण गार्दाच्या क्षेत्रफळावर पसरला तर सरोवर तासाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतं. नदीच्या काठी शहर बुडवणारा पूर सरोवरात बोटभर पाणी होऊन बसतो. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या वादळात हा बोगदा उघडावा लागला होता. बोगद्याची किंमत मात्र लोप्पिओनं मोजली. खणताना भूजलाच्या वाटा तुटल्या आणि १९५६मध्ये ते छोटं सरोवर कोरडं पडलं. आज तिथे पाणथळ जागा आहे, संरक्षित, आणि भर पावसात कधीतरी तात्पुरतं पाणी दिसतं.

लिंबांकडे येतो. गार्दा ४५ अंशांहून थोड्या वरच्या उत्तर अक्षांशावर आहे. इथे लिंबू उघड्यावर तगण्याचं काम नाही, तरी पश्चिम किनाऱ्यावर लिमोने, गार्न्यानो या गावांत शतकानुशतकं लिंबाच्या बागा होत्या आणि काही अजून आहेत. कारणं तीन आणि तिन्ही हिमनदीनं दिलेली. एक म्हणजे पाण्याचं आकारमान, सुमारे ५० घन किलोमीटर. एवढं पाणी उन्हाळ्यात कोमट व्हायला वेळ घेतं आणि हिवाळ्यात हळूहळू उष्णता सोडतं. खोलवरचं पाणी तर वर्षभर आठ-नऊ अंशांच्या आसपास असतं. दुसरं, उत्तरेच्या थंड वाऱ्याला अडवणारे कडे. तिसरं, त्याच कड्यांच्या पायथ्याची दक्षिण-आग्नेयेकडे तोंड असलेले उतार, जिथे ऊन सरळ पडतं आणि खडक तापून राहतो. एवढं असूनही शेतकऱ्यांनी निसर्गावर सगळं सोडलं नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर दगडी खांबांच्या रांगा उभारल्या, आणि थंडी सुरू झाली की खांबांवर लाकडी फळ्या आणि काचा चढवून बाग पूर्ण झाकायची, फार कडाका पडला तर आत शेकोट्या पेटवायच्या. हे उंच खांब आजही दुरून दिसतात.

त्याच कड्यांनी माणसांनाही अडवलं. लिमोनेला पश्चिम किनाऱ्याचा रस्ता १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, कडे फोडून आणि बोगदे काढून आला. तोवर जायचं तर होडीनं नाहीतर डोंगरवाटेनं. या एकाकीपणाचा एक परिणाम वैद्यकशास्त्रात गाजला. १९७०च्या दशकात मिलानमधल्या संशोधकांना एका रुग्णाच्या रक्तात एका प्रथिनाचा वेगळा प्रकार सापडला. रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडलेलं असूनही त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या नव्हत्या. माग काढत गेल्यावर हा बदल लिमोनेतल्या काही कुटुंबांतच असल्याचं दिसलं. बाहेरच्या गावांशी सोयरीक कमी, म्हणून एक जनुकीय बदल तिथेच टिकून राहिला.

वाऱ्यांचंही वेळापत्रक याच आकारामुळे ठरलं आहे. रात्री डोंगर लवकर निवतात आणि थंड हवा दरीतून दक्षिणेला उतरते. हा पेलेर, मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळभर टिकणारा. दुपारी डोंगरउतार तापले की मैदानावरची हवा उत्तरेला ओढली जाते, ही ओरा. दक्षिणेच्या रुंद भागात ती मंद असते, पण उत्तरेच्या चिंचोळ्या भागात शिरली की जोर धरते, म्हणून शिडाच्या होड्यांची गर्दी तोर्बोले आणि मालचेसिनेलाच असते. सप्टेंबर १७८६मध्ये जर्मन कवी गटे पहाटे तीनला तोर्बोलेहून होडीनं दक्षिणेला निघाला. सुरुवातीला वारा पाठीशी होता, मग तो उलटला आणि त्याला मालचेसिनेला उतरावं लागलं. तिथला किल्ला चितारताना लोकांनी त्याला हेर समजून घेरलं, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याला उतरवणारा वारा आजच्याच वेळापत्रकानं वाहत होता.

आता फुटण्याची भीती. ती रास्त आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, तीस्तेला महापूर आला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. ते सरोवरही हिमोढानंच अडवलेलं होतं. मग गार्दा वेगळं कशात?

ल्होनाकसारखी सरोवरं ५,००० मीटरहून उंचावर असतात, त्यांचे बांध ताजे, अरुंद, उभ्या उताराचे, कधी आत बर्फ असलेले. बाजूचा कडा किंवा हिमनदीचा तुकडा पाण्यात कोसळला की लाट बांधावरून जाते, बांध खरवडला जातो आणि काही तासांत सगळं संपतं. गार्दाचा बांध दहा किलोमीटरहून रुंद आहे, त्याच्या आतला बर्फ हजारो वर्षांपूर्वी वितळून गेला आहे आणि बाहेरचा उतार इतका मंद की त्यावर शहरं, महामार्ग आणि द्राक्षमळे आहेत. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गार्दाची पातळी ६५ मीटर, मांतुआचं मैदान सुमारे २० मीटर उंचीवर. समजा मिंचोनं आपलं पात्र कितीही खोल कापलं, तरी वरचं चाळीस-पंचेचाळीस मीटर पाणी वाहून जाईल. उरलेलं तीनशे मीटर खोल पाणी मैदानाच्या पातळीखालीच आहे, ते जाणार कुठे? हिमोढानं इथे फक्त वरचा काठ उंचावला आहे. मुख्य पाणी खळग्यात आहे.

तरीही सरोवरात कडे कोसळण्याचा विचार करावा लागतो. सार्काच्या खोऱ्यात, सरोवराच्या उत्तरेला द्रो गावाजवळ, मारोक्के नावाचा प्रचंड दगडांचा पसारा आहे. पूर्वी त्याला अनेकांनी हिमोढ मानलं होतं. पण जवळून पाहिलं की दगड कोनदार, धारदार आणि जवळपास एकाच जातीचे आहेत. हिमोढात मघाच्या भिंतीसारखी सरमिसळ असते आणि कडा झिजलेल्या असतात. हा पसारा दरडींचा आहे, बर्फ गेल्यानंतर हजारो वर्षांच्या काळात वेगवेगळ्या वेळी कोसळलेल्या. हिमनदीनं उभे करून ठेवलेले कडे अजून स्थिर होत आहेत, हे उत्तरेच्या किनाऱ्यावरचे रस्ते सांभाळणारे अभियंते चांगलं जाणतात.

रोजच्या व्यवहारात गार्दाचा प्रश्न पाणी जास्त होण्यापेक्षा कमी होण्याचा आहे. मिंचोवर सालिओन्त्से इथे दरवाजे बांधून सरोवराची पातळी राखली जाते, कारण खालच्या मैदानातली शेती या पाण्यावर आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना पातळी वर हवी असते, शेतकऱ्यांना पाणी खाली हवं असतं. २०२३च्या सुरुवातीला दुष्काळात पाणी इतकं उतरलं की मानेर्बाजवळच्या सान बियाजोच्या छोट्या बेटावर लोक चालत जात होते. सरोवर पुन्हा भरायला वेळ लागतो, कारण त्याच्या आकाराच्या मानानं पाणलोट क्षेत्र लहान आहे, सुमारे २,३०० चौरस किलोमीटर. माज्जोरे गार्दापेक्षा लहान, पण त्याचं पाणलोट क्षेत्र ६,००० चौरस किलोमीटरहून मोठं. मिंचोचा सरासरी विसर्ग सेकंदाला ५८ घनमीटरच्या आसपास धरला, तर गार्दाचं पूर्ण पाणी बदलायला सुमारे २७ वर्षं लागतात. पाणी एवढं नितळ दिसतं त्याचं कारण हेच: नदी कमी, गाळ कमी. आणि एकदा आत गेलेली घाण लवकर बाहेर पडत नाही, हेही त्याच गणितातून येतं. शिवाय वरचं आणि तळाचं पाणी पूर्णपणे मिसळायला कडक थंडीचा, वाऱ्याचा हिवाळा लागतो. हिवाळे सौम्य होत चालले तसं हे मिसळणं दुर्मिळ होत चाललं आहे आणि तळाला प्राणवायू पोचणं अवघड. खोल पाण्यात अंडी घालणारा कार्पिओने हा मासा जगात फक्त याच सरोवरात आहे आणि तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. गार्दाची मला खरी काळजी वाटते ती इथे.

राहिला हिमालयाचा प्रश्न. पर्वताच्या कडेला असं सरोवर व्हायला दोन गोष्टी लागतात: बर्फ पर्वताबाहेर मैदानापर्यंत यायला हवा, आणि बर्फ गेल्यावर खळगा लगेच गाळानं भरता कामा नये. शेवटच्या हिमयुगात आल्प्समधली हिमरेषा, म्हणजे जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती उंची, आजच्यापेक्षा हजार मीटरहून अधिक खाली आली होती, म्हणून गार्दाची हिमनदी समुद्रसपाटीपासून शंभर-दोनशे मीटर उंचीच्या मैदानापर्यंत उतरली. उत्तर बाजूला कॉन्स्टन्स आणि जिनिव्हा, न्यूझीलंडमध्ये पुकाकी आणि टेकापो, अर्जेंटिनात नाहुएल हुआपी ही सगळी सरोवरं अशीच, मध्यम अक्षांशांतल्या पर्वतांच्या कडेची. हिमालय बराच दक्षिणेला आहे. तिथल्या हिमनद्या वाढल्या, लांबल्या, पण गंगेच्या मैदानापर्यंत आल्या नाहीत. पर्वताच्या आतच, बऱ्याच उंचीवर, थांबल्या. म्हणून तिथे हिमोढांनी अडवलेली सरोवरं आहेत ती वर, दऱ्यांच्या माथ्याशी. काश्मीरच्या खोऱ्यात एकेकाळी मोठं सरोवर होतं, करेवाचे गाळाचे थर त्याचेच. पण ते पीर पंजाल उचलला गेल्यामुळे पाणी अडून झालेलं.

आणि समजा बर्फ मैदानापर्यंत आला असता, तरी खळगा फार काळ रिकामा राहिला नसता. पावसाळ्यात हिमालयातून उतरणाऱ्या नद्या जेवढा गाळ आणतात त्यापुढे सार्का काहीच नाही. तरीसुद्धा तिनं केलेलं काम आर्कोपासून रीवा आणि तोर्बोलेपर्यंत दिसतं: कड्यांच्या मधोमध पसरलेलं ते सपाट मैदान म्हणजे सरोवराचा बुजलेला भाग आहे. माज्जोरेत तोचे नदीनं याच्याही पुढे जाऊन एक अख्खा फाटा तोडला. आज तो मर्गोत्सो नावाचं वेगळं सरोवर आहे, मधे नदीनं टाकलेली जमीन. कोसी किंवा गंडकीच्या तोंडाशी गार्दाएवढा खळगा असता, तर त्याचं आज असंच मैदान झालेलं दिसलं असतं.